रुपयातले किती आणे?

"शून्य ते दहा, यात तुमचं दुखणं कितीवर आहे?" असं मी पारोळ्याकडच्या एका अक्कांना विचारलं, तर त्यांनी मी शेताचा सातबारा मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या सुनेला भेटायला आलेले एक जिभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "सिस्टर, आण्यात इचारा." विचारलं. अक्का लगेच म्हणाल्या, "बारा आना. रातले सोळा."

आण्यांच्या जागी 1957 सालीच नवे पैसे आले. पण आमच्या खान्देशात सोळा आणे खरं, बारा आणे पीक, चार आणे उतार, हे अजून चालू आहे. त्या दिवसापासून मी आण्यातच विचारते आणि चार्टवर त्याचा आकडा करून लिहिते. बारा आणे म्हणजे साडेसात. इन्चार्ज सिस्टर आधी हसल्या, मग त्यांनीही तेच सुरू केलं.

मी जीएनएम नर्स. माहेर साक्री तालुक्यातलं, नोकरी जळगाव जिल्ह्यात. आधी सात वर्षं सर्जरी वॉर्डात होते. तिथे दुखण्याची ऑर्डर बहुतेक वेळा एकच असायची, एसओएस. म्हणजे पेशंट ओरडला तर ट्रामाडॉलचं इंजेक्शन द्यायचं, त्याने उलटी होते म्हणून जोडीला ऑनडॅनसेट्रॉन. जो ओरडेल त्याला मिळायचं. आणि आमच्याकडच्या बाया ओरडत नाहीत. पदराचा बोळा तोंडात धरतील, पण सिस्टरला हाक मारणार नाहीत. त्यांच्या चार्टवर 'पेशंट कम्फर्टेबल' असं मीच कितीदा लिहिलं असेल.

मग माझी बदली कॅन्सरच्या पेशंटांच्या वेदनाशमन वॉर्डात झाली. पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे, की औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, ओरडण्याची वाट बघायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. खाली पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मध्ये सौम्य ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, वर मॉर्फिन. शिडीचं चित्र आमच्या ड्युटी रूमच्या भिंतीवर आहे. त्या चित्रात प्रत्येक पायरीला 'अधिक सहायक औषधं' अशी एक बारीक ओळ आहे. ती मी वर्षभर नीट वाचलीच नव्हती. सगळं लक्ष वरच्या पायरीवर.

त्याला कारणही आहे. मॉर्फिनची गोळी दिसायला शेंगदाण्याच्या पापुद्र्याएवढी, पण तिच्यासाठी दोन कुलपांचं कपाट, दोन जणांकडे दोन किल्ल्या, नारकोटिक रजिस्टर, दर ड्युटीला मोजदाद, दोन सह्या. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ही गोळी इतकी अवघड करून ठेवली होती, की बऱ्याच दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडून दिलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ती मिळवणं जरा सोपं झालं. एक गोळी कमी भरली तर ड्युटी संपत नाही. बाकीची औषधं उघड्या ट्रॉलीत, प्लॅस्टिकच्या डब्यात. आपण ज्याला कुलूप लावतो त्यालाच घाबरतो. हे मला अक्कांमुळे कळलं, आणि चांगल्या रीतीने नाही कळलं.

अक्कांचं वय बासष्ट, वजन एकेचाळीस किलो. स्तनाचा कॅन्सर, उपचार अर्धे सोडलेले. आजार मणक्यात उतरलेला आणि काखेतल्या गाठींनी हाताच्या नसा दाबलेल्या. एप्रिलअखेर दाखल झाल्या, तेव्हा पाठीला उशी लावून बसूनच झोपत होत्या. मॉर्फिन 10 मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू झालं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे रात्री दोनला उठवायला नको.

मुलगा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. गोळीचं नाव त्याने मोबाईलवर शोधलं आणि बोळीत गाठून विचारलं, "सिस्टर, आईला अफू देताय का?" खोटं काय बोलणार? त्याच्या गाड्या मध्य प्रदेशात जातात, नीमच-मंदसौरची अफूची शेतं त्याने डोळ्यांनी बघितलेली. म्हटलं, "हो, अफूपासूनच काढतात. पण तुमची आई नशेसाठी घेत नाहीये, झोपण्यासाठी घेतेय." त्याचं समाधान झालं नाही. पण तिसऱ्या दिवशी अक्का आडव्या झोपल्या, घोरल्या, आणि प्रश्न तिथेच राहिला.

पाठ चार आण्यांवर आली. हात मात्र तसाच. राऊंडला डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं, 15, मग 20. अक्का दिवसभर झोपाळू. डोळे उघडले की पहिलं वाक्य तेच, "मना हात जयी राह्यना वं माय." माझा हात जळतोय गं.

मीही दोन दिवस चार्टवर 'पेन परसिस्ट्स' एवढंच लिहीत होते. तिसऱ्या दिवशी पाठ पुसताना माझ्या ओढणीचं टोक त्यांच्या दंडावर पडलं आणि त्या किंचाळल्या. ओढणीने! तेव्हा खाली बसून नीट विचारलं. आग होते की ठणकतं? सतत की मधून मधून? त्या म्हणाल्या, मिरच्या कांडल्यावर हात जळतो तसा जळतो, मधूनच करंट बसतो, बोटांत मुंग्या, आणि लुगडं लागलं तरी सहन होत नाही. मी हे सगळं त्यांच्याच शब्दांत नर्सेस नोट्समध्ये उतरवलं, मिरच्यांसकट. औषध लिहिणं आमच्या हातात नाही. पण डॉक्टर पेशंटजवळ पाच मिनिटं असतात आणि आम्ही आठ तास. सकाळी सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे नसेचं दुखणं आहे. मॉर्फिन वाढवून नुसती झोप वाढेल." रात्रीसाठी गॅबापेंटिन 300 लिहिलं. सकाळच्या नाश्त्यानंतर डेक्सामेथासोन, गाठीभोवतीची सूज उतरून नसेवरचा दाब कमी व्हावा म्हणून.

संध्याकाळी मुलगा रागारागात आला. औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलेलं, ही तर फिटची गोळी. "माझ्या आईला फिट कधी येते?" हा प्रसंग आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी घडतो. भिंतीवरच्या त्या बारीक ओळीतल्या, सोबतीच्या औषधांची गंमतच अशी आहे. एकही मुळात दुखण्यासाठी आलेलं नाही. गॅबापेंटिन फिटचं, अमिट्रिप्टिलिन उदासीचं, डेक्सामेथासोन सुजेचं. ओपिऑइड मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाचा आवाज खाली आणतं. पण दुखावलेली नस स्वतःच खोटे निरोप पाठवत सुटते, तिला शांत करायला ही औषधं लागतात. मी त्याला ट्रकच्या भाषेत सांगितलं. हॉर्न शॉर्ट झालाय, तो आपोआप वाजतोय. कानात बोळे घालून किती घालशील? वायर बघायला नको? तो हसला. पुढे तोच दुसऱ्या नातेवाइकांना ही हॉर्नची गोष्ट सांगायचा.

चौथ्या रात्री अक्का म्हणाल्या, "आते आठ आना."

त्यानंतर मला या सोबतीच्या औषधांचं वेडच लागलं. दुखण्याचा शब्द आधी ऐकायचा. जळतं, करंट बसतो म्हणाला की नस. हाडात ठणकतं, कूस बदलली की जीव जातो म्हणाला की हाड, तिथे पॅरासिटामॉल, शिवाय डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं आणि जमलं तर रेडिएशन. पोटात पिळा पडतो म्हणाला की आतड्याचा मुरडा, तिथे हायोसिन मॉर्फिनपेक्षा जास्त काम करून जातं. डोक्यात आजार गेलेल्या पेशंटचं सकाळचं फुटणारं डोकं डेक्सामेथासोनने उतरलेलं मी पाहिलंय. शेजारच्या कॉटवरच्या जिभेच्या कॅन्सरवाल्या आप्पांना अमिट्रिप्टिलिन चालेना. रेडिएशनने आधीच लाळ आटलेली, त्यात या गोळीने तोंडाचं वाळवंट झालं. तंबाखूने आमच्याकडे तोंडाचे पेशंट एवढे आहेत, की ही अडचण रोजचीच.

वेळाही शिकले. डेक्सामेथासोन संध्याकाळी दिलं तर पेशंट रात्रभर जागा बसतो आणि वॉर्डभर गप्पा मारतो, म्हणून सकाळी. शुगर तपासत राहायची. अमिट्रिप्टिलिन दहाला दिलं तर सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून आठला. आणि जुलाबाची गोळी मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून. मॉर्फिनची झोप, मळमळ काही दिवसांत शरीर पचवतं. बद्धकोष्ठ मात्र कधीच पचवत नाही. घरचे लोक इसबगोल आणतात आणि दोन घोट पाण्यात देतात. मॉर्फिनने आतडं आधीच मंद झालेलं, त्यात तो लगदा फुगून तिथेच बसतो. मी इसबगोलचे डबे परत पाठवते, शिव्या खाते.

आता ती रात्र.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. भुसावळ, जळगाव पंचेचाळीसच्या आसपास. कूलरमध्ये पाणी टाकायला मामा दर दोन तासांनी फिरत होते. अक्कांचं गॅबापेंटिन टप्प्याटप्प्याने दिवसातून तीन वेळा झालेलं. मॉर्फिन 20 तसंच ठेवलेलं. पाठीसाठी पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक. हात चार आण्यांवर. सगळे खूश.

संध्याकाळी ड्युटीवर आले तेव्हा अक्कांच्या हातातून चहाचा कप सांडलेला. सून म्हणाली, "दोन दिवस झाले, मधेच दचकतात." मी पाहिलं, बोटं एकदम उडत होती. वाटलं, अशक्तपणा. सून असंही म्हणाली, की लघवीला दिवसात एकदाच गेल्या. वाटलं, उन्हाळा. या दोन वाक्यांपैकी एकही मी नोट्समध्ये लिहिलं नाही. ज्या बाईने मिरच्यांसकट लिहिलं होतं, तिने.

रात्री दहाला दुप्पट मॉर्फिन आणि गॅबापेंटिन दिलं. दीडच्या राऊंडला लांबूनच घोरणं ऐकू आलं. ते नेहमीचं घोरणं नव्हतं, मध्ये मोठी पोकळी पडत होती. घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले. आठ. टॉर्च मारला तर बाहुल्या मोहरीएवढ्या. मोठ्याने हाक मारून खांदा हलवला तेव्हा डोळे अर्धवट उघडले, मिटले.

श्वास कमी होण्याआधी झोप वाढते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणजे माझ्यासमोर ही गोष्ट संध्याकाळपासून घडत असणार.

डॉक्टरांना बोलावलं, डोकं उंच केलं, ऑक्सिजन लावला. नालॉक्सोन म्हणजे मॉर्फिनचा उतारा. त्याची 0.4 मिलिग्रॅमची अँप्यूल 10 मिली सलाईनमध्ये केली आणि एकेक मिली, थांबून थांबून, श्वास मोजत दिली. सगळी एकदम ढकलली असती तर श्वास आला असता, पण पाठोपाठ सोळा आणे दुखणंही एका मिनिटात परत आलं असतं. तीन मिलीनंतर श्वास बारावर आले. नालॉक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, त्यामुळे पहाटेपर्यंत स्टूल टाकून तिथेच बसले. पायथ्याशी सून रडत होती. तिच्या हातात एक छोटी पट्टी होती. गावाकडच्या डॉक्टरने पूर्वी दिलेली झोपेची गोळी, अल्प्राझोलम. "रातभर कण्हतात म्हणून कालपासून एक देत होते, सिस्टर. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

सकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड दमलं की रक्तात वाढतो तो आकडा, दाखल होताना 0.9 होतं, आता 2.4.

मुलगा म्हणाला, अफूच शेवटी. नवे डॉक्टरही म्हणाले, मॉर्फिन बंद करू या. इन्चार्ज सिस्टरनी चार्ट मागवला आणि सगळ्यांसमोर बोट ठेवत गेल्या. मॉर्फिनचा डोस दहा दिवसांत बदललेला नव्हता. बदललं होतं ते सभोवतालचं. उन्हात पाणी कमी, त्यावर डायक्लोफेनॅक. त्या दोघांनी मिळून मूत्रपिंड दमवलं. गॅबापेंटिन शरीराबाहेर जातं ते लघवीतूनच. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे अंशही तिथूनच जातात. नळ तुंबला, हौद भरत राहिला, आणि वरून अल्प्राझोलम. बोटं उडत होती ती हौद भरल्याची खूण होती. गॅबापेंटिन आणि ओपिऑइड एकत्र असतील तर श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये दिलेला आहे. वृद्ध आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना धोका जास्त. मी तो प्रशिक्षणात ऐकलेला होता, वहीत लिहिलेला होता.

दोन कुलपांतली गोळी एकेक मोजून दिलेली. उघड्या ट्रॉलीतल्या गोळ्या कुणी मोजल्या नाहीत, आणि सुनेच्या पिशवीतली तर आमच्या हिशेबातच नव्हती.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. इन्चार्ज सिस्टरनी फक्त विचारलं, "दचकतात हे कधी कळलं होतं?" मी वेळ सांगितली. त्यांनी ती माझ्याच हाताने लिहायला लावली.

डायक्लोफेनॅक आणि अल्प्राझोलम बंद झालं. सलाईन सुरू. गॅबापेंटिन काही दिवस थांबवून रात्री फक्त 100 वर आणलं, मॉर्फिन 5 मिलिग्रॅम दर सहा तासांनी. फेंटानिलच्या पट्टीचा विचार झाला, मूत्रपिंड कमजोर असताना ती बरी पडते. पण अक्कांचं घर पत्र्याचं. अंग तापलं की पट्टीतून औषध जास्त सुटतं, आणि मे महिन्यात त्या घरात अंग तापणारच. शिवाय पैसे. सरांनी तो विषय तिथेच सोडला. सहा दिवसांत क्रिएटिनिन 1.2 झालं. मधले चार दिवस हात परत दहा आण्यांवर गेला, आणि अक्का माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ती फिटनी गोई दे ना वं." त्या गोळीसाठी कुणी विनवणी केलेली मी तेव्हाच ऐकली. पाठीसाठी मोठ्या शहरात नेऊन रेडिएशनचा एकच डोस देऊन आणलं, मग डायक्लोफेनॅकची गरज उरली नाही.

घरी सोडण्याआधी सुनेला तासभर बसवलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला तक्ता केला. सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र, आणि प्रत्येकाखाली खरी गोळी सेलोटेपने चिकटवली. मॉर्फिन सोडून, ती चिकटवायला मिळत नाही, तिथे गोल काढला. खालच्या रांगेत पाण्याचे तांबे, दिवसाला आठ, प्यायले की फुली. सर्वांत खाली तीन प्रश्न माझ्या अक्षरात. दचकतात का? लघवी किती वेळा? हाक मारली की लगेच उठतात का? गावाकडची, शेजारणीची, मेडिकलवाल्याची कुठलीही गोळी द्यायची झाली तर आधी फोन. हा तक्ता आता आम्ही सगळ्याच पेशंटांना देतो. फक्त हे वाचून कुणी घरातल्या गोळ्यांचे डोस बदलू नका. मी लिहिलेले आकडे एकेचाळीस किलोच्या अक्कांचे आहेत, तुमच्या माणसाचे नाहीत.

सून दर सोमवारी फोन करायची. तांबे सांगायची, आणे सांगायची. जूनमध्ये तीन आणे. जुलैमध्ये एकदा अक्कांनी स्वतः फोन घेतला आणि त्याच हाताने वेणी घातल्याचं सांगितलं. वेणी म्हणजे काय, चार केस राहिलेले, पण घातली.

श्रावणात कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात अक्का गेल्या. घरीच, झोपेत. मुलगा पंधरा दिवसांनी आला, डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. पिशवीतून उरलेलं मॉर्फिन काढून टेबलावर ठेवलं. ते परत करायचं असतं, हे त्याला आठवलं होतं. आम्ही दोघांनी मोजल्या, चौदा. रजिस्टरमध्ये लिहिल्या, दोन सह्या, कपाट, दोन कुलपं.

मग त्याने गॅबापेंटिनची अर्धी पट्टी काढली.

"ह्याच्यावर सही नको का, सिस्टर?"

"नको."

तो जरा थांबला. पट्टी उलटसुलट करून बघितली आणि माझ्यासमोर सरकवली. "तरी मोजून घ्या," म्हणाला.

सहा होत्या.